यूएसबी व्हॉल्यूम नॉब घरी बनवायचाय? आधी पोटेन्शिओमीटर बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपचे स्पीकर टेबलाच्या मागे आहेत, कीबोर्डवर आवाजाची वेगळी बटणं नाहीत. म्हणून टेबलावर ठेवायला एक फिरवायचा नॉब घरीच बनवायचा आहे. घरात आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि दोन-तीन पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबखाली असतो तसला फिरता रेझिस्टर) पडून आहेत, प्रोग्रामिंग जेमतेम येतं. तेवढ्यावर भागेल का?

नॉब होईल, पण या दोन वस्तूंनी नाही. पहिल्यांदा हात घालणारे बहुतेकजण नेमक्या याच जोडीपासून सुरुवात करतात आणि आठवडाभर डोकं फोडून घेतात. त्यामुळे आधी 'का नाही' ते सांगतो.

कॉम्प्युटरचा आवाज बाहेरून बदलायचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे त्याला आपण कीबोर्ड आहोत असं भासवणं. मल्टिमीडिया कीबोर्डवर आवाज वाढवायचं बटण दाबलं की कीबोर्ड फक्त एक ठरलेला आकडा पाठवतो. यूएसबीच्या एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांसाठीच्या) प्रमाणकात 'कन्झ्युमर' नावाचं १२ क्रमांकाचं पान आहे. त्यात आवाज वाढवण्याला २३३, कमी करण्याला २३४ आणि म्यूटला २२६ हे क्रमांक आहेत (दशमान आकडे दिलेत, लायब्ररीत ते हेक्साडेसिमलमध्ये दिसतील). विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सगळ्यांना हे आकडे जन्मापासून कळतात, ड्रायव्हर टाकावा लागत नाही.

पण हे बोलणं एकतर्फी आहे. 'एक पायरी वर', 'एक पायरी खाली' एवढंच सांगता येतं. 'आवाज ४० वर आणून ठेव' असं या भाषेत सांगता येत नाही, आणि सध्या आवाज किती आहे हेही नॉबला कळत नाही. पोटेन्शिओमीटरला मात्र सुरुवात असते आणि शेवट असतो. कोणी माउसने आवाज बदलला की नॉबची खूण एकीकडे आणि स्क्रीनवरचा आकडा दुसरीकडे. पहिल्याच दिवशी दोघांचा काडीमोड. म्हणून इथे रोटरी एन्कोडरच हवा. तो कितीही गोल फिरतो, प्रत्येक खटक्याला फक्त 'एक पाऊल या बाजूला' एवढं सांगतो, आणि कॉम्प्युटरला ऐकायचं असतं तेही एवढंच.

ऊनोची अडचण वेगळी. त्यावरच्या मुख्य चिपला, एटीमेगा३२८पी ला, यूएसबी येतच नाही. तिच्या शेजारची दुसरी छोटी चिप यूएसबी सांभाळते आणि कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट दाखवते. मूळ ऊनोवर ती एटीमेगा१६यू२ असते. तिचं फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्राम) बदलून तिला कीबोर्ड बनवणारे लोक आहेत, पण जेमतेम प्रोग्रामिंग येणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे विकले जाणारे स्वस्त ऊनो तर बहुतेक सीएच३४० चिपवर चालतात, त्यांच्यात ही सोयच नाही.

तेव्हा बोर्ड घ्या प्रो मायक्रो. त्यावर आर्डुइनो लिओनार्डो या बोर्डाचीच एटीमेगा३२यू४ चिप असते, तिला यूएसबी अंगभूत आहे. तीनशे ते सहाशे रुपयांत मिळावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. घेताना ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झचा बघा. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचाही एक येतो आणि दिसायला अगदी तसाच असतो. सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा वेग चुकीचा निवडला तर प्रोग्राम चढतो, पण यूएसबी गायब होते आणि माणूस बोर्ड गेला म्हणून कपाळाला हात लावतो. गेलेला नसतो. उपाय पुढे सांगतो.

डिजिस्पार्क नावाचा इवलासा एटीटायनी८५ चा बोर्डही या कामाला वापरतात. स्वस्त आहे, आणि चालतोसुद्धा. पण त्याला खरी यूएसबी नाही, सॉफ्टवेअरने तो तिची नक्कल करतो. त्यामुळे काही यूएसबी-३ पोर्टांवर आणि हबवर तो रुसतो, आणि लावल्यावर पाचेक सेकंद बूटलोडरमध्ये (नवा प्रोग्राम चढवून घेणाऱ्या भागात) घालवतो. घरात असेल तर वापरा, मुद्दाम विकत आणू नका. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड उत्तम आहे आणि सर्किटपायथनमध्ये (अशा बोर्डांसाठीच्या पायथन भाषेत) कामही लवकर होतं. दोनच गोष्टी सांभाळा: पिको ३.३ व्होल्टची आहे, तेव्हा एन्कोडरच्या मोड्यूलला ५ व्होल्ट देऊ नका; आणि सर्किटपायथनमधल्या एन्कोडरच्या तयार कोडला पिकोवर एन्कोडरच्या ए आणि बी या दोन सिग्नलच्या तारा लागोपाठच्या क्रमांकांच्या पिनांवर लागतात.

आता एन्कोडर. बाजारात दोन रूपांत मिळतो: नुसता ईसी११, किंवा तोच छोट्या बोर्डावर बसवलेला केवाय-०४० मोड्यूल. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) खेळायला मोड्यूल बरा. डबीत बसवायला मी नुसता ईसी११ घेतो, कारण त्याच्या मानेला आटे असतात आणि ७ मिलिमीटरच्या भोकातून काढून नटने आवळता येतो. काही मोड्यूलवरच्या एन्कोडरला हे आटेच नसतात, मग तो गोंदाने चिकटवण्याचे उद्योग सुरू होतात. विकत घेताना दांडाही बघून घ्या. ६ मिलिमीटरचा दांडा एका बाजूने सपाट कापलेला येतो किंवा बारीक दातांचा येतो, आणि नॉब त्याच जातीचा लागतो.

नुसत्या एन्कोडरची जोडणी सोपी आहे. एका बाजूला तीन पाय, त्यातला मधला ग्राउंडला. कडेचे दोन म्हणजे ए आणि बी, ते प्रो मायक्रोच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांना. समोरच्या बाजूचे दोन पाय दांड्याखालच्या बटणाचे: एक ग्राउंडला, दुसरा ४ क्रमांकाला. तिन्ही पिना प्रोग्राममध्ये 'इनपुट पुलअप' म्हणून जाहीर करायच्या, म्हणजे चिपमधला रेझिस्टर त्यांना एरवी १ वर धरून ठेवतो. बाहेरून एकही रेझिस्टर लागत नाही.

मोड्यूल वापरलात तर एक खोड लक्षात ठेवा. त्यावर ए आणि बी ला प्रत्येकी १० किलोओहमचे पुलअप असतात, ते दोन्ही अधिकच्या (+) पिनेवर एकत्र येतात. 'चिपमधले पुलअप आहेत की' म्हणून ती अधिकची पिन मोकळी सोडली, तर त्या दोन रेझिस्टरांतून ए आणि बी एकमेकांना जोडले जातात. एक शून्यावर गेला की दुसऱ्याला अर्धवट खाली खेचतो, आणि मोजणी वेड्यासारखी उड्या मारते. पिन व्हीसीसीला (बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या पिनेला) लावली की खोड गेली. उलट बटणाच्या पायाला मात्र बऱ्याच मोड्यूलवर पुलअप बसवलेलाच नसतो, फक्त त्याची जागा रिकामी दिसते. तिथे चिपमधला पुलअप हवाच.

नॉब चांगला की भिकार हे ठरतं ते पुढच्या भागात, म्हणजे खटके मोजण्यात. इथे घाई करू नका.

एन्कोडर स्थिर असताना ए आणि बी दोन्ही १ असतात, म्हणजे ११. एक खटका पुढे फिरवला की क्रमाने ०१, ००, १० अशा अवस्था येतात आणि पुन्हा ११ होतं. उलट फिरवलं तर हाच क्रम उलटा. एका खटक्यात चार बदल. इंटरनेटवर सर्रास फिरणारा प्रोग्राम काय करतो, तर ए खाली गेला की बी कडे बघतो आणि दिशा ठरवतो. कागदावर हे बरोबर आहे. पण आतले धातूचे स्पर्श टेकताना थरथरतात. ए एकदा खाली जाण्याऐवजी काही मिलिसेकंदांत चार वेळा खाली-वर होतो, आणि तो प्रोग्राम प्रत्येक वेळी एक खटका मोजतो. मग तुम्ही एक खटका फिरवता, आवाज तीन पायऱ्या उडी मारतो, आणि मध्येच एक पायरी मागेही येतो. लोक यावर दहा-वीस मिलिसेकंद थांबायची आज्ञा घालतात. त्याने थरथर लपते, पण जोरात फिरवलं की खरे खटकेही गिळले जातात.

पक्का उपाय असा: आधीची अवस्था आणि नवी अवस्था, दोन्हींचे दोन-दोन बिट शेजारी ठेवायचे. शून्य ते पंधरा असा एक आकडा तयार होतो. सोळा घरांची एक यादी करायची. क्रमाने पुढे जाणाऱ्या चार बदलांच्या घरांत अधिक एक, मागे जाणाऱ्या चारांच्या घरांत वजा एक, आणि उरलेल्या आठांत शून्य. त्या आठांतल्या चारांत काही बदललेलंच नसतं, आणि चारांत दोन्ही बिट एकदम बदललेले असतात, जे एका पावलात होऊच शकत नाही. दर वेळी यादीतला आकडा बेरजेत टाकत जायचं. अवस्था पुन्हा ११ वर आली की बेरीज बघायची: अधिक चार असेल तर 'आवाज वाढव' एकदा, वजा चार असेल तर 'कमी कर' एकदा, आणि मग बेरीज शून्य.

यात थरथरीचं काय होतं ते बघा. स्पर्श थरथरला तर अवस्था ११ आणि ०१ यांच्यात मागे-पुढे होते: अधिक एक, वजा एक, अधिक एक. शेवटी उरतो अधिक एकच. थरथर आपोआप स्वतःला खोडते, थांबायची गरजच पडत नाही. एखादी अवस्था निसटलीच तर बेरीज दोनवर राहते, म्हणून मी अटीत 'चार'च्या जागी 'दोन किंवा जास्त' लिहितो (उलट बाजूला 'वजा दोन किंवा कमी'). पॉल स्टॉफ्रेगनची 'एन्कोडर' लायब्ररी वापरलीत तर चार बदलांची मोजणी तयार मिळते, तुम्ही फक्त चारने भागायचं. पण यादी एकदा स्वतः लिहून बघा, वीसेक ओळींचं काम आहे.

ईसी११ ची एक जात एका फेऱ्यात २० खटक्यांची आणि २० पल्सांची (एक पल्स म्हणजे वरच्या चार बदलांचा एक पूर्ण क्रम) असते; वरचं सगळं तिच्यासाठी. दुसरी ३० खटके आणि १५ पल्सांची येते. तिच्यात एका खटक्याला दोनच बदल होतात आणि विश्रांतीची जागा आळीपाळीने ११ आणि ०० असते. 'दर दोन खटक्यांना एकदाच आवाज बदलतो' अशी तक्रार असेल तर तुमच्या हातात ही जात आहे. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर लावून मधला पाय आणि ए यांच्यात एकेक खटका फिरवून बघा. खटक्यावर टेकलेला असताना एक आड एक बीप येत असेल तर ३०-१५ ची जात, कधीच येत नसेल तर २०-२० ची.

कळ पाठवायला एचआयडी-प्रोजेक्ट ही लायब्ररी टाका. तिच्यात कन्झ्युमर पानाच्या कळा नावानिशी आहेत. एकच नियम पाळा: इंटरप्टच्या (पिन बदलली की चालू काम थांबवून धावणाऱ्या कोडच्या) आतून यूएसबीवर काही पाठवायचं नाही. पाठवण्याची आज्ञा कॉम्प्युटरची वाट बघत थांबू शकते, आणि इंटरप्टमध्ये थांबणं म्हणजे सगळा कारभार ठप्प. इंटरप्टमध्ये फक्त बेरीज करा, कळ मुख्य लूपमधून (प्रोग्रामच्या सतत फिरत राहणाऱ्या भागातून) पाठवा. खरं तर लूपमध्ये कुठेही थांबायची आज्ञा नसेल तर इंटरप्ट लागतही नाही. सेकंदाला तीन फेरे इतक्या जोरात फिरवलं तरी २४० बदल होतात, म्हणजे सरासरी चार मिलिसेकंदांना एक. तेवढं ही चिप सहज बघते.

आधी कळा पाठवूच नका. मोजणीचा आकडा सिरियल मॉनिटरवर (आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या खिडकीत) छापा आणि एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा. २० ला २० आले पाहिजेत. मग उलटा फिरवून शून्यावर या. मग झटकन. हे जमल्यावरच कळा जोडा. आणि त्या जोडताना एक सुरक्षा ठेवा: एखादी मोकळी पिन, समजा ५, सुरू होताना ग्राउंडला लावलेली असेल तर प्रोग्रामने एकही कळ पाठवायची नाही. अट चुकून उलटी लिहिली गेली तर नॉब सेकंदाला शेकडो वेळा 'आवाज वाढव' म्हणत सुटतो आणि कॉम्प्युटरवर काम करणं मुश्किल होतं. हेडफोन कानाला लावून पहिली चाचणी करू नका, हे वेगळं सांगायला नको.

बोर्ड हरवल्यासारखा झाला तर घाबरू नका. अपलोड सुरू करा, आणि पोर्ट शोधण्याची वेळ आली की रिसेट आणि ग्राउंड या पिना वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. काही बोर्डांना हे लागोपाठ दोनदा करावं लागतं. बूटलोडर साधारण ८ सेकंद जागा राहतो, तेवढ्यात नवा प्रोग्राम चढतो. या वेळी पोर्टचा क्रमांक बदललेला दिसतो, ते बरोबरच आहे. आणि बोर्ड मुळातच दिसत नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. घरात पडलेल्या मायक्रो-यूएसबी केबलींत कितीतरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. टाइप-सी सॉकेटच्या काही स्वस्त बोर्डांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. असे बोर्ड सी-टू-सी केबलवर चालूच होत नाहीत, ए-टू-सी केबलवर मात्र बिनतक्रार चालतात.

विंडोजमध्ये एका कळीला आवाज २ ने बदलतो, म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत ५० खटके, २० खटक्यांच्या एन्कोडरवर अडीच फेरे. मला हे प्रमाण आवडतं. ज्यांना लांब वाटतं ते वेग ओळखून जोरात फिरवल्यावर एका खटक्याला दोन-तीन कळा पाठवतात. करायचं तर फक्त कमी करण्याच्या बाजूला करा. आवाज एकदम बंद करायची घाई कधीकधी असते, एकदम वाढवायची कधीच नसते. मॅकवर एकूण पायऱ्याच १६, त्यामुळे एका फेऱ्याच्या आतच आवाज टोकाला जातो. तिथे दर दोन खटक्यांना एक कळ पाठवा. मॅकचा आवाज एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने मॉनिटरला जात असेल, तर मॅकचा स्वतःचा व्हॉल्यूमच बंद असतो. मग नॉब फिरवून काही होणार नाही, दोष नॉबचा नाही.

दांडा दाबल्यावर काय व्हावं? मी एका दाबाला म्यूट आणि लांब दाबाला प्ले-पॉज ठेवतो (तो कन्झ्युमर पानावर २०५). पण हे म्यूट स्पीकरचं आहे, माइकचं नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये नॉब दाबून निवांत बोलायला लागलात तर पलीकडच्यांना सगळं ऐकू जाईल. माइकसाठी त्या-त्या ॲपचा शॉर्टकट पाठवावा लागतो: विंडोजवर टीम्सला कंट्रोल-शिफ्ट-एम, मीटला कंट्रोल-डी. तोही साधारण ती खिडकी समोर असेल तरच लागू पडतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावणार असाल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. घरी बनवलेला, कीबोर्ड म्हणून बोलणारा डबा पाहून त्यांचे कान टवकारतात आणि ते रास्तच आहे.

डबीकडे लोक दुर्लक्ष करतात. हलका प्लास्टिकचा डबा घेतला तर नॉब फिरवताना डबाच फिरतो, आणि दाबताना मागे सरकतो. वजन हवं. डब्याच्या तळाशी लोखंडी नट किंवा पट्टीचे तुकडे एमसीलमध्ये बसवा आणि खाली रबराचे पाय चिकटवा. जुन्या ॲम्प्लिफायरचा ३०-४० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा नॉब मिळाला तर सोन्याहून पिवळं. जड नॉब हाताला वेगळाच लागतो. मात्र धातूचा नॉब म्हणजे बोटापासून दांड्यापर्यंत धातूच, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. एन्कोडरच्या कडेचे दोन रुंद पाय त्याच्या धातूच्या अंगाचे असतात. त्यांतून एक वायर काढून ग्राउंडला सोल्डर करा. डबा धातूचा असेल तर बोर्डाखाली जाड प्लास्टिक किंवा फोमची पट्टी घाला. प्रो मायक्रोचं मायक्रो-यूएसबी सॉकेट नाजूक असतं, केबलला हिसका बसला की बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीसकट उखडतं. केबल डब्याच्या आत झिप-टायने बांधा, म्हणजे ओढ सॉकेटवर न येता डब्यावर येईल.

हे सगळं वाचून जड वाटलं असेल तर एक सोपी वाटही आहे. स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असेल आणि फक्त त्यांचाच आवाज हाताशी हवा असेल, तर कॉम्प्युटरच्या ऑडिओ केबलच्या मध्ये १० किलोओहमचा, दुहेरी (डाव्या-उजव्या बाजूंसाठी एका दांड्यावर दोन), लॉगॅरिथमिक पोटेन्शिओमीटर टाका. यूएसबी नाही, प्रोग्राम नाही. अगदी कमी आवाजात डाव्या-उजव्या बाजूत थोडा फरक जाणवतो, एवढाच तोटा.

आणि घरातला ऊनो व ते पोटेन्शिओमीटर फेकू नका. 'डीज' नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे, त्यात कीबोर्डचं सोंग घ्यायची गरजच नाही. ऊनो पोटेन्शिओमीटरांची स्थिती, शून्य ते १०२३, सिरियल पोर्टवर ९६०० च्या वेगाने सतत पाठवतो, आणि कॉम्प्युटरवर चालणारा छोटा प्रोग्राम त्यानुसार एकेका ॲपचा आवाज लावतो: एक नॉब ब्राउझरला, एक गाण्यांना, एक मीटिंगला. इथे आवाज नेमक्या आकड्यावर नेता येतो, म्हणून पोटेन्शिओमीटर इथे शोभतो. हे विंडोज आणि लिनक्सवर चालतं, पण तो प्रोग्राम कायम चालू ठेवावा लागतो. पोटेन्शिओमीटरवरचं अक्षर तेवढं तपासा: बहुतेक ठिकाणी 'बी' म्हणजे लिनियर, तेच इथे हवेत. 'ए' लिहिलेले लॉगॅरिथमिक असतात. ते लावले तर अर्ध्या फेऱ्यापर्यंत आवाज जेमतेम हलतो आणि पुढे एकदम चढतो. तसे निघाले तर वरच्या ऑडिओ केबलच्या कामाला वापरा, दुहेरी असले तर.